पुरूचे प्रकरण कोठे आहे? : महानायक-पिता आणि क्षमेची सक्ती

१

मराठी समीक्षेने आणि चरित्रवाङ्मयाने ज्या शब्दांकडून फाजील काम करून घेतले, त्यांत ‘ध्येयवेडा’ हा शब्द फार वरच्या क्रमांकावर येतो. एखादा पुरुष घराबाहेर मोठे काम उभे करतो आणि घरात जो कोणी आडवा येईल त्याला तुडवून पुढे जातो. यांतील पहिल्या गोष्टीला आपण कर्तृत्व म्हणतो आणि दुसरीला ध्येयवेड. म्हणजे एकाच शब्दात अपराधाची नोंदही होते आणि त्याची माफीही होऊन जाते. ही माफी कोणी दिली, ती देण्याचा अधिकार त्याला होता काय, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला विचारले होते काय, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानले जातात. ते बाहेरचे नाहीत, किंबहुना साहित्यकृतीच्या घाटाशी त्यांचा थेट संबंध आहे, एवढे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परदेशी चित्रकथांतून आलेला ‘सुपरहीरो’ आता आपल्याही मुलांच्या परिचयाचा झाला आहे. तो जगाला वाचवतो, पण रात्री परतल्यावर त्याच्या ताटात कोण वाढते, हे ती चित्रकथा सहसा सांगत नाही. आपल्या वाङ्मयातील महानायकाला मात्र घर असते. बायको असते, मुले असतात आणि या सर्वांनी त्याच्या मोठेपणाची किंमत भरलेली असते. आयुष्याच्या उतारावर तो या घराकडे वळतो आणि लोकांनी दिलेल्या मानपत्रांवर घराचीही सही मागतो. या पात्रप्रकाराला मी ‘महानायक-पिता’ म्हणतो. सार्वजनिक पराक्रम, घरातली जबरदस्ती आणि अखेरीस घराकडूनच उद्धाराची अपेक्षा, ही त्याची तीन लक्षणे होत. पैकी तिसरे लक्षण सर्वांत धोक्याचे आहे. कारण पहिल्या दोहोंचा हिशेब तेथेच मिटवला जातो.

२

हा हिशेब समजून घ्यायचा तर पश्चात्ताप, प्रायश्चित्त आणि क्षमा हे तीन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. पश्चात्ताप ही भावना आहे. ती अपराध्याच्या मनात उत्पन्न होते आणि तेथेच विरूही शकते. प्रायश्चित्त ही कृती आहे. तिला खर्च असतो आणि तो अपराध्याने सोसायचा असतो. क्षमा ही मात्र अपराध्याची मिळकतच नव्हे. ती ज्याच्यावर अन्याय झाला त्याची आहे, आणि जी नाकारता येत नाही ती क्षमा नसून वसुली असते.

आपल्या समीक्षेने या तिन्हींची सरमिसळ केली आहे. नायकाने अखेरच्या अंकात एक दीर्घ स्वगत म्हटले की आपण त्याला पश्चात्ताप समजतो, पश्चात्ताप दिसला की प्रायश्चित्त घडले असे धरून चालतो, आणि प्रायश्चित्त घडले म्हणजे घराने क्षमा केलीच पाहिजे असा निष्कर्ष काढतो. घराने ती केली नाही, तर अपराधाचे पारडे फिरते. आता कठोर, कृतघ्न आणि कोत्या मनाची ठरतात ती बायको-मुले. नायक मात्र ‘शोकात्म’ होतो.

३

‘ययाति’ (१९५९) पदव्युत्तर वर्गात शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “सर, यात पुरूचे प्रकरण कोठे आहे?” खांडेकरांच्या या कादंबरीवर विपुल लिहिले गेले आहे. तिला १९६० साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला, १९७४ साली खांडेकरांना ज्ञानपीठ मिळाले. भोगवाद, आधुनिक मनुष्याची वासना, कचाचा संयम यांवरची चर्चा तर पिढ्यानपिढ्यांच्या उत्तरपत्रिकांत मुरलेली आहे. तथापि या साध्या प्रश्नाइतका कादंबरीच्या मर्मापर्यंत जाणारा प्रश्न माझ्या वाचनात नाही.

कादंबरीला तीन निवेदक आहेत : ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. तिघेही प्रथमपुरुषी बोलतात. हे तंत्र लेखकाने हेतुपूर्वक योजले आहे, कारण एकच घटना तीन मनांतून पाहावी अशी त्याची इच्छा आहे. परंतु ज्याच्या देहातून तारुण्य काढून घेतले जाते, त्या पुरूला स्वतःचे निवेदन नाही. ययातीचे जागे होणे आपण ययातीच्या तोंडून ऐकतो. मुलाचे अकाली म्हातारे होणे हे बापाच्या आत्मशोधातील एक प्रकरण ठरते. पुरूने दिले, बापाने घेतले, बापाला जाग आली, कथा उंचीवर गेली. पुरूच्या मनात त्या क्षणी काय झाले, हे सांगायला त्याच्याजवळ एक पानही नाही. हा निव्वळ तंत्राचा प्रश्न नव्हे. जेथे क्षमा करणाऱ्याला भाषा नाही तेथे त्याची क्षमा गृहीत धरलेली असते.

मूळ महाभारतकथा या बाबतीत अधिक उघडी आहे. शुक्राचार्यांच्या शापाने जरा आलेला ययाती पाची मुलांकडे तारुण्य मागतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात, आणि बाप त्या चौघांनाही शाप देतो. सर्वांत धाकटा पुरू होकार देतो, त्याला राज्य मिळते. थोरल्याला डावलून धाकट्याला गादी का, असे प्रजाजन विचारतात तेव्हा ययातीचे उत्तर असे की जो आज्ञा पाळतो तोच पुत्र. म्हणजे बापाच्या तृष्णेला शरण जाण्याचा मोबदला येथे रोख ठरलेला आहे, आणि नकाराचा दंडही. महाकाव्य हे लपवीत नाही. त्याहून अर्थपूर्ण गोष्ट अशी की नकार देणाऱ्या यदूच्या वंशातच पुढे कृष्ण जन्मतो. शापित ठरलेल्या ‘नाही’लाही परंपरेने वंश दिला, आणि तो थोर दिला. आपल्या समीक्षेने मात्र पुरूचा आदर्श उचलला आणि यदूला टिपणीतही जागा दिली नाही.

आणखी एक पायरी मागे गेले पाहिजे. ययातीचा बाप नहुष हा तर शब्दशः अतिमानव. मनुष्य असून तो इंद्रपदी बसला, ऋषींच्या खांद्यावर पालखी दिली आणि शाप ओढवून घेतला. खांडेकरांनी त्या शापाची सावली पुढच्या पिढीवर पाडली आहे : नहुषाची मुले कधी सुखी होणार नाहीत. पराक्रम बापाचा आणि शाप मुलांचा, ही वाटणी लेखकाला दिसली होती. तरीही ययातीच्या बाबतीत तो करुणेने सर्व मिटवतो. गिरीश कार्नाड यांच्या कन्नड ‘ययाति’त (१९६१) पुरूची पत्नी चित्रलेखा रंगमंचावर येते आणि या उदात्त त्यागाचा भाग होण्याऐवजी विष घेते. तिचा मृत्यू हा मार्ग नव्हे, हे उघड आहे. पण सासऱ्याचा उद्धार आपल्या संसारावर होऊ देणार नाही, असे म्हणणारे एक माणूस त्या नाटकात आहे. मराठी कादंबरीत ते नाही.

४

नाटकाकडे वळले तर ‘नटसम्राट’ (१९७०) टाळता येत नाही. शिरवाडकरांचा गणपतराव बेलवलकर क्रूर नाही. नाटक त्याला तसे ठरवीत नाही आणि मीही ठरवणार नाही. पण पडदा उघडतो तेव्हा हा सम्राट निवृत्त झालेला आहे. त्याच्या साम्राज्याची सारी वर्षे, दौरे, रात्री-अपरात्रीचे येणे, एका माणसाच्या लहरीवर चाललेले घर, हे सर्व पडद्यामागे राहते. आपल्याला दिसतो तो केवळ देणारा बाप आणि हिसकावणारी मुले. सारे काही वाटून टाकणे हीसुद्धा सम्राटाचीच एक भूमिका आहे, आणि त्यातला धोका ओळखण्याचे शहाणपण कावेरीपाशी आहे. तरीही नवऱ्याच्या स्वगतांना श्रोता पुरवणे हेच तिचे मुख्य काम राहते. नंदा आणि नलू यांचे वागणे निंद्य आहे, यात वाद नाही. वाद आहे तो, त्यांच्या निंद्यतेचा उपयोग बापाच्या चाळीस वर्षांची चौकशी बंद करण्यासाठी होतो, याबद्दल. २०१६ साली या नाटकावर चित्रपट निघाला तेव्हा प्रेक्षागृहे पुन्हा रडली. ती मुलांच्या कृतघ्नतेवर रडली. कावेरीच्या आयुष्यावर रडायला कोणालाही सवड झाली नाही.

वसंत कानेटकरांचे ‘हिमालयाची सावली’ (१९७२) या दृष्टीने अधिक प्रामाणिक आणि म्हणून अधिक शोचनीय आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे आणि बाया कर्वे यांच्या सहजीवनावरून सुचलेल्या या नाटकात किंमत कोणी भरली हे लपवलेले नाही. बयो ही तर सबंध नाटकातील सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा आहे. तथापि तिची जागा शीर्षकातच ठरून गेली आहे. पर्वत तो, सावली ती. सावलीला वजन नसते, तिला स्वतःची दिशा नसते, आणि तिने तक्रार केलीच तर ती पर्वताच्या उंचीचीच साक्ष ठरते.

आता ज्या स्त्रीवरून बयो सुचली तिचे पुस्तक पाहा. आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले. बालविधवा गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी, १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह करून वाळीत पडलेली आनंदीबाई, आणि पुढे संस्थेसाठी दारोदार वर्गणी मागणारी बाया : ही सावलीची कथा नाही. आपल्या आयुष्यविम्याचा पैसाही नवऱ्याने संस्थेच्या नावे केला, तेव्हा घरातल्या स्त्रीला काय वाटले असेल, याची चाड त्या पुस्तकातील बोलण्याला आहे. तिने पुस्तकाला ‘सावली’ म्हटले नाही, ‘पुराण’ म्हटले, आणि तेही ‘माझे’. अभ्यासक्रमांत आणि रंगभूमीच्या स्मरणात मात्र जी टिकून राहिली ती कानेटकरांची बयो. बाईने स्वतः केलेल्या बोलण्यापेक्षा पुरुषाच्या उंचीसाठी केलेले तिचे चित्र आपल्याला अधिक पचते.

५

स्त्रियांच्या आत्मकथनांचे वाचनही आपण याच रीतीने बोथट केले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. या पुस्तकाचा उल्लेख आला की ‘निर्मळ विनोद’ हे विशेषण धावत येते. रेव्हरंड टिळक मोठे कवी होते, दात्या स्वभावाचे होते, शीघ्रकोपी होते, आणि न सांगता घरातून नाहीसे होण्याची त्यांना सवय होती. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो पत्नीला विश्वासात न घेता, आणि त्यानंतरची ताटातूट काही वर्षे चालली. लक्ष्मीबाई हे सर्व हसत सांगतात, म्हणून त्यांनी सर्व क्षमा केले असा अर्थ आपण लावतो. वस्तुतः त्यांचा विनोद हे क्षमापत्र नसून जबानी आहे. रागाने सांगितले असते तर ‘पतीची निंदा’ म्हणून जे बाजूला पडले असते, ते हसत सांगितल्याने तपशिलासह नोंदले गेले. काय घडले, केव्हा घडले, खिशात किती पैसे होते, पोर कोणाच्या कडेवर होते, हे सारे त्या पुस्तकात आहे. क्षमा करणारा माणूस इतका चोख हिशेब ठेवीत नाही.

जेथे हसू नाही तेथे समीक्षा काय करते, हे मलिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) या आत्मकथनाच्या वाट्याला आलेल्या वाचनावरून कळते. ‘गोलपिठा’चा कवी आणि दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या नामदेव ढसाळ यांच्याशी झालेल्या विवाहातील हिंसेची नोंद या पुस्तकात आहे. एका बाजूने या पुस्तकाचा उपयोग चळवळ आणि कविता हिणवण्यासाठी केला. दुसरी बाजू चळवळीच्या रक्षणासाठी गप्प बसली. दोन्ही बाजूंनी पुस्तकाचा विषय ढसाळ हाच धरला. एक स्त्री, तिचे मूल आणि तिचे मोडलेले तारुण्य यांना विषय मानायला कोणीच तयार नव्हते.

येथे एक दुटप्पीपणा निःसंदिग्धपणे नोंदवला पाहिजे. उच्चवर्णीय सुधारकाने घराकडे केलेल्या दुर्लक्षाला आपण ‘ध्येयनिष्ठा’ म्हणतो, आणि दलित कवीच्या घरातील हिंसेला ‘विकृती’. उपेक्षा आणि मारहाण एक नव्हेत, त्यांची प्रतवारी केलीच पाहिजे. पण ती कृत्यावरून करावी, कर्त्याच्या जातीवरून नव्हे. एकाला शब्दाने सोडवायचे आणि दुसऱ्याला शब्दाने अडकवायचे, ही समीक्षा नसून जातपंचायत आहे. आणि या दोन्ही निवाड्यांत बाईची साक्ष सारखीच वाया जाते, हे विसरता कामा नये.

६

हा प्रश्न मी ग्रंथालयात बसून उकरलेला नाही. मी गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथून हे लिहितो आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी केली, आज तेथे विमानतळ आहे. एरवी हा धानाचा, पोवारी आणि झाडी बोलींचा मुलूख. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत मिळून जी झाडीपट्टी पसरली आहे, तेथे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. वडसा-देसाईगंज हे या नाटकमंडळ्यांचे मुख्य ठाणे. २०२३ साली परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या कलावंताला पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांना या रंगभूमीची आठवण झाली. समीक्षेला ती अद्याप व्हायची आहे.

या रंगभूमीवरच्या कौटुंबिक नाटकांना ‘भडक’ आणि ‘रडके’ म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. त्यांत व्यसनी बाप असतो, पैशामागे नाहीतर प्रतिष्ठेमागे धावणारा पाटील असतो, आणि शेवटच्या अंकात तो बायको-मुलांसमोर उभा राहतो. कथानके ठोकळेबाज आहेत, संवाद ओरडून म्हटले जातात. तरीही एक गोष्ट तेथे घडते जी आपल्या प्रतिष्ठित नाटकांत घडत नाही. बापाला माफी मागावी लागते. स्वगतात नव्हे, समोरच्या माणसाचे नाव घेऊन, काय केले ते उच्चारून मागावी लागते. आणि मग बायकोच्या उत्तराची वाट पाहण्यासाठी नाटक थांबते. पहाटे तीन-चार वाजता, शेकोटीचा धूर आणि मांडीवर झोपलेली पोरे अशा त्या मांडवात, ही वाट पाहणे केवळ रंगमंचावरचे राहत नाही. बायकांच्या बाजूने आवाज उठतात. “माफ करू नोको वो बाई” असे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. नाटकाच्या संहितेत बाई बहुधा माफ करते. पण ती माफ न करण्याची शक्यता त्या मांडवात क्षणभर खरी झालेली असते, आणि म्हणूनच तिच्या माफीला किंमत येते.

याउलट आपल्या अभिजात मानलेल्या कृतींत क्षमा मागितलीच जात नाही. ती प्रकाशयोजनेतून आणि अखेरच्या पडद्यातून आपसूक मिळून जाते. मग भडक कोण, हे एकदा नीट ठरवले पाहिजे.

७

यावर जे आक्षेप येतील ते ठाऊक आहेत. पहिला असा की साहित्य हे न्यायालय नव्हे, पात्रांवर खटले भरणे हे समीक्षकाचे काम नाही. मान्य. पण निर्दोष सोडणे हासुद्धा निवाडाच असतो, आणि तो आपण वर्षानुवर्षे देत आलो आहोत. खटला नको असेल तर दोषमुक्तीही नको. दुसरा आक्षेप काळाचा. त्या काळी सर्वच बाप तसे होते, असे सांगितले जाते. मात्र त्याच काळी, त्याच घरात बसून लक्ष्मीबाई आणि आनंदीबाई यांनी आपल्या नोंदी केल्या. घरातल्या स्त्रीला जे तेव्हा दिसत होते, ते ‘काळाला’ दिसत नव्हते असे म्हणणे म्हणजे काळ फक्त पुरुषांचा होता असे म्हणणे होय. तिसरा आक्षेप सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत वाईट : क्षमाशीलता हेच स्त्रीचे आणि संततीचे मोठेपण. ज्या घरांत दारू आणि हात दोन्ही रोजचे आहेत, अशा घरांतून निघून शिकायला आलेल्या मुली आमच्या वर्गांत बसतात. त्यांच्यापुढे पुरूचा त्याग आणि बयोची सावली आदर्श म्हणून ठेवताना आपण त्यांना वाङ्मय शिकवतो की सहन करणे, याचे उत्तर अध्यापकांनी द्यायचे आहे.

क्षमा नाकारल्याने महानता कमी होते, अशी भीतीही निराधार आहे. महात्मा गांधी आणि त्यांचे थोरले चिरंजीव हरिलाल यांच्या संबंधांवर अजित दळवी यांचे ‘गांधी विरुद्ध गांधी’ हे नाटक १९९०च्या दशकात मराठी रंगभूमीवर आले. मुलाला पूर्ण आवाज देणाऱ्या मोजक्या मराठी नाटकांपैकी ते एक आहे. हरिलाल व्यसनाच्या आहारी गेले, धर्म बदलून परत आले आणि बापाच्या हत्येनंतर काही महिन्यांतच, जून १९४८ मध्ये, मुंबईत वारले. त्यांचे वर्तन समर्थनीय नव्हते. पण कटनी स्थानकावरचा जो प्रसंग सांगितला जातो तो विसरता येत नाही. फाटक्या वेशातला हा मुलगा गाडीजवळ आला आणि त्याने एक संत्रे कस्तुरबांच्या हाती दिले. ते फक्त बांसाठी होते. बापूंना द्यायला त्याच्याजवळ काही नव्हते. जगाने ज्याला महात्मा म्हटले त्याच्या मुलाने त्याला एका फळाचीही क्षमा दिली नाही. यामुळे गांधी लहान झाले नाहीत. उलट त्या संत्र्याशिवाय त्यांचे चरित्र अपुरे राहिले असते.

तात्पर्य, महानायक-पित्याच्या कोणत्याही कथेला समीक्षेने यापुढे काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. त्याने काय केले हे त्याच्या तोंडून, नेमके, उच्चारले गेले काय? त्याच्या पश्चात्तापाचा खर्च त्याने स्वतः केला की तोही घरावरच टाकला? ज्याच्याकडून क्षमेची अपेक्षा आहे त्याला कृतीच्या घाटात बोलायला जागा आहे काय, आणि ‘नाही’ म्हणायला? ही जागा नसेल तर ती कृती शोकात्मिका नव्हे, मग तिची भाषा कितीही वैभवशाली असो. ते घरच्यांच्या अंगठ्याचा ठसा परस्पर उमटवून घेतलेले एक खत आहे, आणि आपण समीक्षक त्यावर साक्षीदार म्हणून सह्या करीत आलो आहोत. या सह्या आता थांबल्या पाहिजेत.